आधी बघ, स्टोन कुणाच्या हातात आहे

डिचोलीच्या एका मुलीचा प्रश्न आहे. तिने नुकतीच इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. एकाच आठवड्यात तिच्याकडे चार कागद आले आणि चारही कागदांत ‘स्टोन’ निघाला. पहिला, इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणाऱ्या एका गोंयकार बाईच्या तब्येतीचं पत्र, त्यात वजन ‘११ स्टोन ६’. दुसरा सोनोग्राफीचा रिपोर्ट. तिसरं घराच्या बांधकामाचं कंत्राट. चौथं किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचं मेनूकार्ड, त्यात ‘स्टोन्ड ऑलिव्ह’. ती विचारते, “सर, कोशात दगड, पाषाण, खडा, रत्न, बाठ, आठळी असं सगळं एकाच ओळीत दिलंय. त्यातलं कुठलं कधी घ्यायचं, हे कसं ठरवायचं? सगळीकडे दगड लिहिला तर चालणार नाही का?”

चालणार नाही. का चालणार नाही, ते जरा सविस्तर सांगतो, कारण फोंड्यात बसून तीस वर्षं हेच काम करताना या एका शब्दाने माझी जेवढी फजिती केली तेवढी मोठमोठ्या कायद्याच्या शब्दांनी केली नाही.

तुझ्या कोशाने गडबड केली ती इथे: तो सगळे शब्द एका रांगेत उभे करतो, जणू ते सारखेच आहेत. इंग्रजी माणूस स्टोन म्हणतो तेव्हा त्याला कठीणपणा दिसत असतो. जे कठीण आणि मातीसारखं विरघळत नाही, ते स्टोन. मग ते फळात असो, मूत्रपिंडात असो की अंगठीत. मराठी माणसाला मात्र आधी आकार दिसतो आणि मग काम. केवढा आहे, कुठे आहे आणि कुणाच्या उपयोगाचा आहे. म्हणून आपल्याकडे दगड वेगळा, धोंडा वेगळा, गोटा वेगळा, खडा वेगळा, खडी वेगळी, चिरा वेगळा, कातळ वेगळा. तेव्हा कागदात स्टोन दिसला की कोश उघडण्याआधी स्वतःला विचार, हा स्टोन आत्ता कुणाच्या हातात आहे? गवंड्याच्या, सोनाराच्या, डॉक्टरच्या की स्वयंपाकिणीच्या? हात कळला की शब्द बहुतेक आपोआप येतो.

‘खडा’ हाच शब्द घे. सोनाराकडे अंगठीतला खडा. डॉक्टरकडे मुतखडा, पित्ताशयातले खडे. किराणा दुकानात तुरटीचा खडा, हिंगाचा खडा, खडे मीठ, खडीसाखर. भातात दाताखाली येतो तोही खडाच. यांतलं एकही एकमेकांसारखं नाही. तुरटी पाण्यात विरघळते, हिंग हा झाडाचा चीक आहे, साखर उसाची. पण सगळे दोन बोटांच्या चिमटीत मावतात. मराठीने चिमटीवरून नाव दिलं, पदार्थावरून नाही. हे एकदा लक्षात आलं की सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘दगड’ का लिहायचा नाही ते वेगळं सांगावं लागत नाही. मूत्रपिंडात ४ मिलिमीटरचा दगड आहे असं वाचलं तर सत्तरीतली म्हातारी घाबरून देवाला नारळ ठेवील.

वैद्यकीय कागदांत एक जास्तीची अडचण असते. एकाच गोष्टीला डॉक्टर तीन नावं घालतात. कुठे स्टोन, कुठे ‘कॅल्क्युलस’, आणि रोगाच्या नावात ‘लिथियासिस’. तिन्ही खडाच. कॅल्क्युलस हा लॅटिन शब्द, अर्थ लहान खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करत, म्हणून तोच शब्द गणितातही गेला. तेव्हा ‘रीनल कॅल्क्युलस’ पाहून गणित आठवलं तर लाजू नकोस, मूळ एकच आहे. दातांच्या डॉक्टरच्या कागदात मात्र कॅल्क्युलस आला तर ते दातांवरचं कीटण, तिथे खडा लिहू नकोस. आणि उपचारानंतरच्या कागदात ‘स्टोन फ्री’ असं येतं. त्याचा अर्थ आता खडे शिल्लक नाहीत. हे सांगायला लागू नये, पण मी ‘खडे मोफत’ असं छापलेलं डोळ्यांनी पाहिलं आहे.

मुतखडा हा शब्द काहींना गावठी वाटतो. मग ते ‘मूत्राश्मरी’ लिहितात. आयुर्वेदात अश्मरी आहेच, सुश्रुताने तिची शस्त्रक्रियाही सांगितली आहे, आणि अश्म म्हणजे दगडच. पण अश्म हा पोथीतला दगड आहे. अश्मयुग, जीवाश्म, अश्मरी, असा तो शास्त्राच्या शब्दांतच राहतो. रुग्णाच्या हातात जायचा कागद असेल तर मुतखडा लिही. त्याला कळलं पाहिजे.

आता बांधकाम. इथे जरा थांबतो, कारण गोव्यात राहून हे काम करणाऱ्याला सर्वात जास्त कागद याच खात्यातले येतात, आणि माझी पहिली फजिती इथेच झाली.

एका कंत्राटाच्या कागदात ‘स्टोन मेटल’ असं होतं. मी नवा, उत्साही. लिहिलं, ‘दगड व धातू’. चार दिवसांनी कंत्राटदाराचा फोन आला. “सायबा, धातू खंयचो घालपाचो? रस्त्यात लोखंड घालतात?” मग कळलं की रस्त्याच्या कामात मेटल म्हणजे खडी. इंग्रजीत फोडलेल्या दगडाला मेटल म्हणतात. त्या शब्दाचं मूळ ग्रीक-लॅटिनमध्ये खाणीपाशी जातं. खाणीतून निघालं ते मेटल, मग तो दगड असो की तांबं. धातू हा अर्थ नंतर एकट्याला चिकटला. ‘मेटल्ड रोड’ म्हणजे खडीचा पक्का रस्ता. हा धडा मला फुकट मिळाला नाही, त्या कामाचे पैसे अर्धेच मिळाले.

तेव्हा बांधकामाच्या कागदात स्टोनच्या आधी काय विशेषण आहे ते वाच. रबल असेल तर डबर. ड्रेस्ड असेल तर घडीव किंवा ताशीव. ॲग्रिगेट किंवा मेटल असेल तर खडी, आणि तिचा आकार मिलिमीटरात दिलेला असतो तो सोडू नकोस. फ्लॅगस्टोन म्हणजे फरशी. कर्बस्टोन म्हणजे रस्त्याच्या कडेचे दगड. फाउंडेशन स्टोन मंत्र्याच्या हातात असेल तर कोनशिला, गवंड्याच्या हातात असेल तर नुसता पायाचा दगड. बघ, तोच स्टोन, हात बदलला की शब्द बदलला.

आणि लॅटराइट. गोव्यात घर बांधायचं म्हणजे चिरे आले. दगडाची जात सांगायची असेल तर जांभा, खाणीतून कापून काढलेला ठोकळा म्हणजे चिरा. कंत्राटात ‘लॅटराइट स्टोन’ आला की चिरे लिही, भूगर्भशास्त्राच्या लेखात आला की जांभा. दोन्ही ठिकाणी ‘लॅटराइट दगड’ लिहिणारे आहेत, पण ते वाचून चिरेखाणीवरचा माणूस हसतो.

या दगडाच्या नावाची गोष्ट तुला आवडेल. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर १८०० साली मद्रासहून निघून म्हैसूर, कानडा, मलबार फिरला. मलबारात त्याने पाहिलं की लोक जमिनीतून मऊ दगड कापून काढतात, आणि हवा लागली की तो कठीण होतो. तिथले लोक त्याला विटेचा दगड म्हणत. त्याचं प्रवासवर्णन १८०७ साली लंडनला छापलं गेलं, त्यात त्याने या दगडाला लॅटिनमधल्या ‘लाटेर’ म्हणजे वीट या शब्दावरून लॅटराइट नाव दिलं. म्हणजे आपण ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणतो ते चिऱ्याला लागूच पडत नाही, तो दोन्ही आहे. खाणीत असताना वीट, भिंतीत गेला की दगड.

जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं बासिलिका पाहिलं असशील. १५९४ साली काम सुरू झालं, १६०५ साली पुरं झालं. आज त्याच्या भिंती तांबड्या उघड्या चिऱ्यांच्या दिसतात, पण मुळात त्यांच्यावर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढला गेला. तेव्हापासून पावसाचं पाणी चिऱ्यांत मुरतं ही काळजी आहेच. त्याच इमारतीच्या दर्शनी भागावरची नक्षी मात्र काळ्या बसाल्टमध्ये आहे, तो दगड वसईकडून आणलेला. कारण चिऱ्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही, तो भोकाभोकांचा. तांबडी सुर्लचं कदंबकाळातलं महादेवाचं देऊळही काळ्या दगडाचं आहे. इंग्रजीत ‘सेट इन स्टोन’ म्हणतात, आपण काळ्या दगडावरची रेघ म्हणतो. मराठीने दगडाचा रंगही सांगून ठेवला, आणि तो उगाच नाही. तांबड्या दगडावरच्या रेघेचा भरवसा गोव्याच्या पावसात कोण देणार?

अर्थात याला अपवाद आहे. सांग्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या कातळावरच बैल, हरणं, चक्रव्यूहासारखी आकृती कोरलेली आहे, आणि १९९३ साली संशोधकांच्या नजरेत येईपर्यंत ती टिकून होती. त्याला इंग्रजीत ‘रॉक आर्ट’ म्हणतात, ‘स्टोन आर्ट’ नाही. इथे रॉक आणि स्टोनमधला फरक पकड. ज्यावर आपण उभे राहतो तो रॉक, जो उचलता येतो तो स्टोन. अमेरिकन लोक हे सर्रास उलटसुलट करतात, ते रॉक फेकतात. मराठीत खडक, कातळ, सडा हे जमिनीला धरून असलेले, आणि दगड, धोंडा, गोटा हे सुटे. म्हणून उसगाळीमळची ती कातळशिल्पं. ‘दगडावरील चित्रे’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की ती उचलून म्युझियममध्ये नेता येतील.

स्वयंपाकघरात याच्या उलट होतं. इंग्रजी पाककृतीत ‘ग्राइंडिंग स्टोन’ असा एकच शब्द. आपल्याकडे खोबरं-मसाला वाटायला पाटा आणि वरवंटा किंवा रगडा, पीठ दळायला जातं, गंध उगाळायला सहाण. काय वाटायचंय ते पाहून शब्द घे. पिठासाठी पाटा लिहिलास तर तुझी आजीच तुला माफ करणार नाही.

तुझ्या मेनूकार्डाकडे येतो. स्टोन हे क्रियापदही आहे, आणि त्याचे दोन अर्थ एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. माणसाला स्टोन करणं म्हणजे दगड मारणं, ठेचून मारणं. फळाला स्टोन करणं म्हणजे त्यातली बी काढून टाकणं. तेव्हा ‘स्टोन्ड ऑलिव्ह’ म्हणजे बिया काढलेली ऑलिव्ह फळं. अमेरिकन मेनूत तेच ‘पिटेड’ असतं. आणि तिसरा स्टोन्ड, नशेत तर्र झालेला, तो तुला हणजुण्याच्या बाजूच्या कागदांत भेटेलच. पोलिसांच्या कागदात तो आला तर ‘नशेच्या अमलाखाली’. गप्पांत आला तर तुला माझ्यापेक्षा चांगले शब्द माहीत असतील.

फळांच्या बाबतीत मराठी पुन्हा इंग्रजीहून चोखंदळ. आंब्याची कोय किंवा बाठ, फणसाची आठळी, खजुराची बी. मानकुरादच्या कोयीला कुणी दगड म्हटलेलं मी ऐकलं नाही, चोखून चोखून पांढरी केली तरी ती कोयच. म्हणून ‘स्टोन फ्रूट’चं ‘दगडी फळ’ करू नकोस, ‘कोय असलेली फळं’ लिही आणि पुढे जा.

वजनाचा स्टोन. याचं भाषांतर करायचंच नाही, हिशेब करायचा. एक स्टोन म्हणजे १४ पौंड, म्हणजे ६.३५ किलो. पूर्वी कुठल्या मालासाठी आणि कुठल्या गावात यावर स्टोन कमीजास्त असे. लंडनमध्ये मांसाचा स्टोन ८ पौंडांचा, लोकरीचा १४ चा. १८३५ च्या कायद्याने सगळीकडे १४ ठरवला. व्यापारात तो १९८५ पासून चालत नाही, पण माणसाचं वजन तिकडे अजून लोक स्टोनमध्येच सांगतात. तुझ्या बाईंचं ‘११ स्टोन ६’ म्हणजे ११ गुणिले १४ अधिक ६, १६० पौंड, साधारण ७२.६ किलो. कागदावर किलो लिही आणि मूळ आकडा शेजारी तसाच ठेव. हे नुसतं कौतुक म्हणून नाही सांगत. औषधाचा डोस वजनावर ठरतो, तिथे ११.६ स्टोन असं दशांशात वाचलंस तर ते साडेत्र्याहत्तर किलोच्या वर जातं. बाजारात पूर्वी आपल्याकडेही पारड्यात धोंडाच ठेवत, त्यामुळे शब्द परका असला तरी कल्पना परकी नाही.

सोनाराकडे पुन्हा जाऊ, तिथे एक सुंदर गोष्ट आहे. ‘टचस्टोन’ म्हणजे सोनं घासून पाहायचा काळा दगड, आपली कसोटी, कसाचा दगड. दोन्ही भाषांत हा शब्द दुकानातून उठून विचारांत गेला, त्यामुळे इथे शब्दाला शब्द ठेवता येतो. आता क्रिकेट बघ. टेस्ट मॅचला आपण कसोटी सामना म्हणतो. इंग्रजी ‘टेस्ट’ हा शब्दही सोन्यारुप्याचा कस पाहायच्या मातीच्या भांड्यावरून आला आहे. ज्याने कुणी पहिल्यांदा कसोटी सामना लिहिलं त्याला हे ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे, पण याहून नेमकं भाषांतर मी पाहिलेलं नाही. अंगठीच्या स्टोनला खडा, मोलाच्या स्टोनला रत्न. फक्त ‘बर्थस्टोन’ला राशीचा खडा लिहू नकोस. त्यांचा हिशेब जन्ममहिन्याचा, आपला राशीचा आणि ग्रहांचा. आणि आपल्या नवरत्नांत मोती आणि पोवळं आहेत, ते दोन्ही समुद्रातल्या जिवांचे, दगड नव्हेतच.

म्हणींबद्दल फार वेळ घालवत नाही. ‘एका दगडात दोन पक्षी’ आणि ‘मैलाचा दगड’ इंग्रजीतून आले आणि घरचे झाले, त्यांना हाकलू नकोस. ‘स्टोन्स थ्रो’ला मात्र आपला ‘हाकेच्या अंतरावर’ आहे, इंग्रज हाताने मोजतो, आपण गळ्याने. ‘लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड’ला जंग जंग पछाडलं. एकही दगड उलटवायचा सोडला नाही असं वर्तमानपत्रात वाचलं की मला विंचू शोधणारा माणूस दिसतो. ‘स्टोन डेफ’ म्हणजे ठार बहिरा. हेलस्टोन म्हणजे गार. धर्माच्या पुस्तकातला ब्रिमस्टोन म्हणजे गंधक. फिलॉसॉफर्स स्टोन म्हणजे परीस. स्टोनवेअर म्हणजे लोणच्याच्या बरणीसारखी कडक भाजलेली मातीची भांडी, त्यात दगड शोधू नकोस. कपड्यांच्या किंवा रंगाच्या कॅटलॉगमध्ये स्टोन आला तर तो एक मळकट फिका रंग.

उलट बाजूने काम करशील तेव्हा रडायची पाळी येते, हेही सांगून ठेवतो. मराठीतला वीरगळ, सतीशिळा, कोनशिला, सहाण इंग्रजीत नेताना प्रत्येक वेळी ‘अमुक स्टोन’ असं शेपूट लावावं लागतं. याच्या बरोबर उलट रस्ता चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रजाने धरला होता. फादर थॉमस स्टीफन्स, विल्टशर परगण्यातला, १५७९ साली गोव्यात उतरला. त्याच विल्टशरमधल्या स्विंडनहून आज तुझं ते वजनाचं पत्र आलं आहे. १६१६ साली गोव्यातच राशोलला छापलेल्या क्रिस्तपुराण या आपल्या मराठी काव्यात त्याने मराठीचं जे वर्णन केलं त्यात दगड नाही, ‘हरळ’ आहे, म्हणजे बारीक खडे, आणि त्यांत चमकणारं रत्न. त्याच्या मायबोलीत दोन्ही स्टोनच झाले असते. त्याला मराठीचा आकार दिसला होता.

राहिला एक स्टोन, जो तुला कुठल्या ना कुठल्या म्युझियमच्या कागदात भेटेल, कारण तो आपल्याच नावाचा आहे. ‘गोवा स्टोन’. हा दगडच नाही. पूर्वी बकऱ्यासारख्या जनावरांच्या पोटात सापडणाऱ्या गोट्यांना विषावर उतारा मानत. इंग्रजीत त्याला ‘बेझोर’ म्हणतात, तो शब्द फारसी पादजहरवरून आला. खरे बेझोर महाग आणि दुर्मीळ. म्हणून सतराव्या शतकात इथल्या जेझुइट या ख्रिस्ती पंथातल्या लोकांकडे, गास्पार अंतोनियू नावाच्या ब्रदरच्या हातून, कृत्रिम गोळे तयार होऊ लागले. बेझोरचा चुरा, कस्तुरी, मोत्यांची पूड, पोवळं वगैरे कालवून गोळा वळायचा आणि वर सोन्याचा वर्ख. त्यातलं थोडं खरवडून पाण्यात किंवा दारूत घ्यायचं. युरोपातल्या श्रीमंतांनी ते भरपूर पैसे मोजून घेतले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असा एक गोळा त्याच्या जाळीदार सोन्याच्या डबीसकट आहे. मला तो शब्द एका कॅटलॉगमध्ये आला तेव्हा दोन दिवस अडलो. दगड लिहिलं तर खोटं, खडा लिहिलं तर लहान. जुन्या मराठीत जहरमोहरा आहे, पण तो आता कुणाला कळत नाही. शेवटी माझाच नियम लावला, हा कुणाच्या हातात होता? वैद्याच्या. केवढा होता? मुठीत धरण्याएवढा. म्हणून ‘गोव्याचा औषधी गोळा’ असं लिहिलं आणि पुढे एक वाक्य खुलाशाचं जोडलं. याहून चांगलं सुचलं तर मला जरूर कळव, मी अजून समाधानी नाही.

तुझ्या कंत्राटाबद्दल एक राहिलं. ‘स्टोन’ असं नुसतं लिहिलेलं असेल आणि पुढे-मागे काहीच नसेल, तर अंदाजाने चिरे लिहू नकोस. दर चिऱ्याचा वेगळा, काळ्या दगडाचा वेगळा, आणि भांडण झालं तर तुझाच कागद पुढे येईल. मालकाला फोन करून विचार. तोही सांगू शकला नाही तर ‘दगड’ लिही आणि समासात पेन्सिलीने खूण कर.